कागद आधी, शिसं नंतर: मार्टिनी-हेन्रीच्या गोळीच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२५

काम ठरलं. एकोणिसाव्या शतकातल्या काडतुसांच्या मांडणीसाठी मार्टिनी-हेन्री रायफलच्या कागद गुंडाळलेल्या गोळीचे नमुने करायचे. १२ मांडायला, १२ राखीव. बारूद नाही, ते पेटवणारी टोपी (कॅप) नाही. काडतुसाचं नळकांडं सागवानाचं, लेथवर काढलेलं.

परवानगीचं पत्र फाइलला आहे. ते आल्याशिवाय साच्याला हात लावायचा नव्हता. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे नुसती गोळी आणि नुसता साचासुद्धा. 'शोभेची वस्तू आहे' एवढं सांगून सुटता येत नाही. ओतलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब वहीत राहील, उरलेल्या परत वितळतील.

मूळ आकडे: रायफल १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आली. नळीचा आतला व्यास ०.४५० इंच, म्हणजे ११.४३ मिमी. आत गोळीला फिरवणारे ७ चर, त्यांचा २२ इंचांत एक पूर्ण पीळ. गोळी ४८० ग्रेन, म्हणजे ३१.१० ग्रॅम. धातू १२ भाग शिसं, १ भाग कथील. बारूद ८५ ग्रेन.

कागद कशाला, हे मांडणीत नीट सांगायला हवं. १८५७ च्या एन्फिल्ड रायफलीत कागद म्हणजे बारूद आणि गोळी एकत्र ठेवणारी पुडी. चरबीची भानगड त्या पुडीची. इथल्या २७ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचा उठाव ३१ जुलै १८५७ चा, त्यामुळे कोल्हापूरच्या बघणाऱ्याला 'काडतुसाचा कागद' म्हटलं की तोच आठवणार. मार्टिनीच्या गोळीवरचा कागद वेगळ्या कामाचा आहे. तो गोळीचा अंगरखा आहे. शिसं नळीच्या पोलादाला घासू नये म्हणून मधे तो असतो, आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडला की फाटून गळून पडतो.

३१ मे

आज फक्त कागद. साच्याचा व्यास कागदावरून निघतो, त्यामुळे कागद हातात नसताना साचा काढणं म्हणजे पाय न मोजता चप्पल शिवणं.

हिशेब असा: कागदाचे दोन वेढे, प्रत्येक वेढा दोन्ही बाजूंना, म्हणजे व्यासात कागदाच्या जाडीच्या चौपट वाढ. कागद ०.०१ मिमीने चुकला की गोळी ०.०४ ने चुकते.

मोजायची रीत: २० कागदांची चळत, मायक्रोमीटर रॅचेटवर तीन 'टिक', आलेला आकडा भागिले २०. एकच कागद मोजला तर बोटाच्या दाबाने आकडा फिरतो.

झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद ०.०९८ मिमी. चौपट केली की ०.३९. फार जाड आणि ओला केला की लिबलिबीत. बाद. बटर पेपर पाणी पीत नाही, ओला होऊन ताणला जात नाही, म्हणून सुकताना आवळतही नाही. बाद. ट्रेसिंग पेपर ०.०५२, जाडी एकसारखी, पण पाणी लागताच पापडासारखा वळतो आणि एका दिशेने फार वाढतो. हातकागद दिसायला सुंदर आणि चिंध्यांचा, म्हणजे जुन्या कागदाच्या जवळचा. पण एकाच तावात ०.०८ ते ०.१३ मिळाला. त्यावर निमंत्रणपत्रिका छापाव्यात.

उरला टायपिंगच्या कार्बन कॉपीचा पातळ कागद, ओनियन स्किन, ३४ जीएसएम. २० कागद १.०० मिमी, म्हणजे ०.०५०. पाच ठिकाणी मोजून ०.०४९ ते ०.०५१. एक जुनं रीम मिळालं. सगळं काम याच रीममधून, दुसरं मिसळायचं नाही.

कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा, हीही तपासली. चौकोनी तुकडा पाण्यावर तरंगत ठेवला की तो गुंडाळी होतो, त्या गुंडाळीचा आस धारेच्या दिशेने. ओला कागद धारेच्या आडवा जास्त वाढतो. पट्टी अशी कापायची की वेढा आडव्या दिशेने बसेल. ओली असताना वाढते, सुकताना आखडून गोळीवर आवळते.

आता व्यास: नळी ११.४३. गुंडाळलेली गोळी बोटाने ढकलली तर जावी, पण खडखडू नये, म्हणून ११.४०. वजा ०.२०. नुसती गोळी ११.२० मिमी.

नळीच्या आतल्या व्यासाएवढी गोळी चरांत कशी बसणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बसत नाही, बसवली जाते. बारुदाचा धक्का बुडाला अचानक लागतो, पुढचा भाग जडत्वाने मागे रेटतो, आणि मऊ गोळी आखूड होऊन फुगते, चरांत शिरते. बारुदाच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग जळून घन राखच होतो, आणि तिच्यातली काही नळीत राहते. राखेने अरुंद झालेल्या नळीत जाडी गोळी अडते, बारीक जाते. पण हे सगळं मऊ धातूवर अवलंबून आहे. कडक गोळी फुगत नाही, बाजूने गॅस निसटतो आणि कागद जाळून शिसं नळीत चिकटवतो.

७ जून

धातू. निवडीला वाव थोडा, मूळ प्रमाण १२:१ ठरलेलं. फलकासाठी तुलना मात्र लिहून ठेवतो: शुद्ध शिशाची ब्रिनेल कडकी (आकडा मोठा तितका धातू कडक) ५ च्या आसपास, ३०:१ ची ९, २०:१ ची १०. निशाणबाजीच्या लांब अमेरिकन गोळ्यांना १६:१ ते २०:१ चालतं. छापखान्याच्या लायनोटाइप धातूची २२, तो या कामाला पूर्ण निरुपयोगी.

प्रमाण बदललं की त्याच साच्यातून वजन बदलतं, कारण शिशाची घनता ११.३४ आणि कथलाची ७.२९. १२:१ चं मिश्रण १०.८८, २०:१ चं ११.०५. म्हणजे ३१.१० ग्रॅमची गोळी २०:१ मध्ये ३१.६० भरेल. उलट बाजूने पाहिलं तर काटा हीच मिश्रणाची तपासणी.

भंगारात शिसं तीन प्रकारचं आलं. प्रत्येकाचा तुकडा हवेत आणि पाण्यात लोंबकळत तोलला. शुद्ध शिशाचा १०० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ९१.१८ भरतो. पत्र्याचं शिसं ९१.१६, चांगलं. केबलच्या आवरणाचं ९०.९६, म्हणजे घनता ११.०६. त्यात अँटिमनी किंवा कथील आहे, बाजूला ठेवलं. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे काडीने काढायचे, नाहीतर चांगलं शिसंही खोटं ठरतं.

तिसरं बॅटरीचं. ते दारातूनच परत. प्लेटांत अँटिमनी, कधी आर्सेनिक असतं, वितळवताना आणि नंतर मळी ओली झाली की विषारी वायू सुटू शकतात. शिवाय आम्ल. स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. चाकाच्या बॅलन्सिंगचे तुकडेही नकोत, त्यात जस्ताचे मिसळलेले असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, एकदा मिसळलं की धातू लापशीसारखा होतो, साचा भरत नाही.

कथील कल्हईवाल्यांकडच्या कांड्यांचं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकरते. सहापैकी दोन कांड्या मुक्या निघाल्या, शिसं मिसळलेल्या. कथील कमी पडलंच तर ६०/४० सोल्डरची पट्टी: ५०० ग्रॅम कथलासाठी ८३३ ग्रॅम पट्टी, आणि तिच्यात ३३३ ग्रॅम शिसं येतं म्हणून शिसं ५.६६७ किलो घ्यायचं. तशी गरज लागली नाही.

१५ जून

साचा. करडं बीड (ओतीव लोखंड), एफजी २६० प्रतीचं. इथे बीड मागायला लांब जावं लागत नाही, उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, भंगारातही चांगला ठोकळा मिळतो. ॲल्युमिनियम लवकर तापतं पण कडा लवकर बसतात. ६० गोळ्यांसाठी तेही चाललं असतं, हे खरं.

ओतायचं बुडाकडून की नाकाकडून? निशाणबाज नाकाकडून म्हणतात, कारण नळीतून शेवटी सुटतं ते बूड, आणि बुडाची कड एका बाजूला जरी बोथट असली तरी गोळी वाकडी जाते. इथे गोळी उडणार नाही, नाक काचेतून दिसणार. बुडाकडून ओतायचं, गेटची, म्हणजे धातू आत जायच्या भोकाची, खूण कागदाच्या घडीखाली जाते.

दोन अर्धे ठोकळे, ते जुळवणाऱ्या दोन खुंट्या (डॉवेल), जोड-पृष्ठ उंचवटे दाखवणारा निळा रंग लावून घासलेलं. मग एकत्र आवळून चार जबड्यांच्या चकमध्ये. आधी १०.८ ड्रिल, मग सिल्व्हर स्टीलचा स्वतः घडवलेला डी-बिट (अर्धगोल कटर), नाकाच्या गोलाईसह. पोकळीचा व्यास ११.२६. गोळी गोठून थंड होताना सुमारे ०.७ टक्के आखडते, साचा तापून ०.२ टक्के फुगतो, फरक ०.५ टक्के, म्हणून ०.०६ वर.

चर नसलेली गुळगुळीत गोळी साच्यातून पटकन सुटते. पण चर नसल्याने हवा जायलाही जागा नसते, म्हणून जोड-पृष्ठावर हवेच्या रेघा, ०.०५ खोल, सव्वा मिमीवर एक. याहून खोल केल्या तर शिसं रेघांत शिरून पिसासारखी झालर येते.

लांबी मुद्दाम जास्त ठेवली. गोळीचा १ मिमी म्हणजे १.०७ ग्रॅम, १६.५ ग्रेन. वजन बघून साच्याचा माथा घासता येतो, घासलेला परत चढवता येत नाही.

२९ जून

पहिलं ओतकाम. सकाळपासून पाऊस.

६ किलो शिसं, ५०० ग्रॅम कथील. २४ गोळ्यांना पाऊण किलो पुरलं असतं, पण लहान भांड्यात पळी बुडवली की तापमान कोसळतं. शिसं ३२७ अंशांना वितळलं, मग कथील. मळी वर आल्यावर वाटाण्याएवढं मधमाशीचं मेण, आणि लाकडी काठीने तळापर्यंत ढवळणं. गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात, तसं काम. एक फरक: इथे वर दिसणारी राखाडी साय सगळीच घाण नसते, त्यात ऑक्साइड झालेलं कथील असतं. मेण ते परत धातूत उतरवतं. न ढवळता काढून फेकली तर १२:१ चं बघता बघता १५:१ होतं.

पावसाळ्यातला मोठा धोका पाणी. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर वाफ होऊन सगळं भांडं अंगावर उडतं. ठोकळे, पळी, चिमटा, सगळं आधी भांड्याच्या कडेवर तापवून मगच आत. पत्र्याच्या छपराखाली भट्टी नको, कडेने थेंब वाऱ्याबरोबर येतात. चष्मा, चामडी हातमोजे, पूर्ण बाही, पंखा पाठीमागून. चहा आत नाही.

निकाल वाईट. तापमान ३६० अंश. पहिल्या ११ गोळ्यांवर सुरकुत्या, म्हणजे कोल्ड शट: धातू नीट एकजीव होण्याआधीच गोठलेला. साचा गार आणि कटिंग ऑइल पूर्ण गेलेलं नाही. पुढच्या ९ ची नाकं ठीक, बुडाची कड गोल. त्यानंतरच्या चांगल्या दिसल्या, पण काट्यावर ३१.७ आणि ३०.९ असा गोंधळ. हलकी एक करवतीने उभी चिरली: गेटच्या खाली हरभऱ्याएवढी पोकळी. गेटचं भोक ३ मिमी होतं, ते गोळीच्या आधी गोठलं, आखडणाऱ्या गोळीला वरून धातू मिळाला नाही. ओतकाम करणाऱ्या गावात रायझरचा हा धडा शिकवायला नको होता.

४२ गोळ्या, सगळ्या परत भांड्यात. वहीत नोंद केली.

६ जुलै

दुरुस्त्या: गेट ४.५ मिमी. साचा थिनरने धुऊन, तापवून, परत धुऊन. ओतण्याआधी साचा तव्यावर १८० अंश. धातू ३९० अंश. ४०० च्या वर न्यायचा नाही, कथील जळतं.

पळीचं तोंड गेटला टेकवून ओतायचं आणि भरल्यावरही चार-पाच सेकंद तसंच धरायचं. मग पळी उचलताना वर नाण्याएवढं डबकं राहू द्यायचं. ते चकाकी सोडून मंद पडलं की आणखी पाच सेकंदांनी गेटपट्टी (साच्यावरची भोकाची फिरती पट्टी) फिरवायची. घाई केली तर शिसं फासलं जातं आणि बुडातून लचका निघतो. मिनिटाला दोन गोळ्या, हा वेग जमला की साचा आपोआप हव्या तापमानाला राहतो. गोळीवर दह्याच्या सायीसारखी पांढरट झाक आली की साचा जास्त तापला, एक फेरी थांबायचं.

सरासरी ३१.७२ ग्रॅम. जास्त ०.६२. भागिले १.०७, म्हणजे ०.५८ मिमी. साच्याचा माथा सरफेस ग्राइंडरवर ०.५८ घेतला, कड ऑइलस्टोनने नुसती पुसली. कड मोडली तर बुडाला झालर येते.

व्यास: जोडरेषेवर ११.२०, तिला काटकोनात ११.२४. साचा पूर्ण मिटत नव्हता. डॉवेलच्या तोंडाशी शिशाचा कागदाएवढा पातळ कपचा चिकटलेला. तापल्या साच्यावर पितळी काडीने काढला. नंतर ११.२० आणि ११.२१.

१३ जुलै

६० ओतल्या. पहिल्या ८ न मोजताच परत. उरलेल्या ५२ सराफी काट्यावर. ३१.०५ ते ३१.१५ च्या आत ४३. त्यापेक्षा हलक्या ९, जड एकही नाही. असंच असायला हवं: पोकळी वजन फक्त कमी करते. जड निघाली तर साचा उघडा राहिलाय असं समजावं.

२० जुलै

गुंडाळणं.

पट्टीची लांबी: पहिल्या वेढ्याचा मध्यव्यास ११.२५, दुसऱ्याचा ११.३५. बेरीज गुणिले ३.१४१६, म्हणजे ७१.०. ओला कागद दीड टक्का वाढतो, म्हणून कोरडा ७०.०. पट्टी समांतरभुज, टोकं तिरकी, ४५ अंश. पत्र्याचा नमुना, खाली काच, नवं ब्लेड. सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर भेटले पाहिजेत. ०.३ मिमी फट चालते. टोक टोकावर चढलेलं अजिबात नको, तिथे दोनऐवजी तीन थर होतात आणि गोळी एका बाजूला ढकलली जाते.

पट्टी साध्या पाण्यात बुडवून काचेवर. गोळी तिरक्या टोकावर ठेवून बोटांच्या पेरांनी पुढे लोटायची, पहिल्या अर्ध्या वेढ्यात दाब, मग कागद स्वतः चिकटतो. बुडाबाहेर ५ मिमी राहतो, तो चुण्या घालत आत दुमडायचा आणि गोळी काचेवर उभी दाबून फिरवायची.

आज जमलं नाही. सगळ्यांना ०.५ मिमीच्या आसपास फट. कारण उघड आहे: पट्ट्या आजच्या दमट हवेत कापल्या. कागद आधीच हवेतलं पाणी पिऊन अर्धा टक्का वाढलेला, वर भिजवल्यावर वाढ एकच टक्का. मेमध्ये कोरड्या हवेत ०.०५० मोजलेला कागद आज ०.०५२. म्हणजे गोळीवर ०.००८ जास्त. इतकं सोसता येईल, लांबीतली फट नाही.

रीम पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलसह. कागद बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत कापायचा.

२७ जुलै

आठवडाभर डब्यात ठेवलेला कागद, ७०.० कापलेला. २६ गुंडाळल्या, २४ च्या टोकांची फट ०.३ च्या आत. सुकवण लाकडी पेटीत, ४० वॅटच्या बल्बखाली, चार तास. गेल्या रविवारच्या उघड्यावर सुकवलेल्या दोन दिवस दमट होत्या. एकीचा कागद उलगडला तर शिशावर पांढरी पूड. दमट कागदाखाली शिसं असंच फुलतं.

सुकल्यावर व्यास ११.३९ ते ११.४०. ११.४३ च्या रिंग गेजमधून (नेमक्या मापाच्या कडीतून) स्वतःच्या वजनाने हळू उतरतात. नुसती गोळी त्याच गेजमधून टपकन पडते. मांडणीत हे गेजच ठेवावं. दोन गोळ्या, एक कडी, फलकावरच्या चार ओळी वाचतील त्यापेक्षा बघणारे याने जास्त समजतील.

१० ऑगस्ट

सागवानी नळकांडी बाद. पांढऱ्या पुडीमुळे लाकडाचा विचार मनात आला. लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते, ओकमधून सगळ्यात जास्त, आणि बंद काचपेटीत ती शिशाला खाते. सागवान ओकइतकं वाईट नसलं तरी गोळीचं बूड नळकांड्याच्या आतच कायम कोंडलेलं राहणार. २४ नळकांडी ॲल्युमिनियमची काढायला दिली. लाकडी कामाचे दोन दिवस गेले, त्यातली दोन पेनस्टँड म्हणून टेबलावर.

पेटीचा तळ प्लायवूडऐवजी ॲक्रिलिकचा. चिकटवायला व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन नको, तेही आम्लच सोडतं. नमुने नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचे.

१७ ऑगस्ट

हिशेब: ओतलेल्या एकूण १३६. गुंडाळलेल्या २४ आणि न गुंडाळलेल्या २ ठेवल्या. ११० परत वितळवल्या. धातूच्या विटांवर छिन्नीने '१२:१' खूण. साचा मोहोरबंद करून परवानगीच्या पत्रासोबत. भट्टीची जागा ओल्या फडक्याने पुसली, झाडू मारला नाही, शिशाची धूळ उडते. फडकी आणि मळी झाकणाच्या डब्यात.

राखीव १२ पैकी ३ वजन करून वेगळ्या डबीत: ३१.२१, ३१.२२, ३१.२१ ग्रॅम, कागदासह. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत तोलायच्या. कागद पाणी सोडून हलका होईल, तो फरक मिलिग्रॅममध्ये. वजन वाढलेलं दिसलं तर कागद उलगडून शिसं बघायचं.